डिचोलीची सवाई रजई

गडहिंग्लजहून सकाळी सहाला निघालो. गाडीत खाण्याचे दोन डबे, पाण्याचा कॅन, तंबूची पिशवी आणि बायकोची एक अट, एवढंच सामान होतं. पांघरूण एकही नव्हतं. पांघरुणं गोव्यात घ्यायची, असं मी जाहीर केलं होतं. गोव्यात थंडीला कुणी विचारत नाही, म्हणजे रजईलाही कुणी विचारत नसणार, आणि ज्या मालाला कुणी विचारत नाही तो पडेल भावात मिळतो. हिशेब सरळ होता.

अट मात्र सरळ नव्हती. तिच्यासाठी गेल्या वर्षीची हकीकत सांगावी लागेल. आम्ही नातेवाईक मंडळी तंबू घेऊन राधानगरीच्या बाजूला दोन दिवस गेलो होतो. पांघरुणांची खरेदी माझ्याकडे होती, कारण घरातली सगळी खरेदी माझ्याकडेच असते. बाजार समितीत मिरचीची पोती वाहण्यापासून मी सुरुवात केली आणि आज पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना चालवतो. या सगळ्या काळात कुठलीही वस्तू सांगितलेल्या भावात घेतल्याचं मला आठवत नाही. लग्नातला कोट मी दुकानाच्या पायऱ्या तीनदा उतरून मिळवला आहे. तर त्या वर्षी रस्त्याकडेच्या एका विक्रेत्याकडून मी आठ रजया निम्म्याहून कमी भावात आणल्या. एका रात्रीत त्यांतला कापूस कोपऱ्यांत जाऊन बसला. सकाळी माझा मेहुणा शशी एक रजई उन्हासमोर धरून म्हणाला, "दाजी, पलीकडचं धरण दिसतंय."

तिथंच त्या रजयांचं नाव पापड पडलं. तेव्हापासून कुठल्याही लग्नात, बारशात, कुणीतरी मला विचारतंच, "पापड आणलेत का?" तंबूचं भाडं मी निम्म्यावर आणलं होतं, जळण फुकटात मिळवलं होतं, हे कुणाच्याही लक्षात नाही. पापड तेवढे लक्षात आहेत.

मंदा, म्हणजे माझी बायको, त्या सहलीनंतर पंधरा दिवस खोकत होती. म्हणून या वेळी तिनं निघण्याआधीच सांगून टाकलं, "या वेळी मला थंडी वाजली, तर यापुढं आपल्या घरातली खरेदी शशी ठरवेल. सगळी."

"सगळी म्हणजे?"

"भाजीसुद्धा."

शशी आठ वर्षं झाली, पेडणे तालुक्यात तुयेच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. या वर्षीची सहल त्यानंच ठरवली होती. त्याच्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याच्या वडिलांचं डिचोलीच्या पुढं, साखळी गाव ओलांडून, डोंगराच्या पायथ्याशी कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे. तिथं एक रात्र तंबूत राहायचं. ज्या माणसानं मला पापडवाला केलं, त्याला विचारून मी वांगी घ्यायची, हे चित्र डोळ्यांसमोर ठेवूनच मी आजऱ्याचा रस्ता धरला.

आंबोलीत धुकं होतं. घाट उतरलो, सावंतवाडी मागं पडली, आणि पत्रादेवीला गोव्याची हद्द लागली तेव्हा गाडीची काच खाली करून मी हात बाहेर काढला. हवा कोमट होती. मी मंदाकडं विजयानं पाहिलं. ती म्हणाली, "आत्ता सकाळचे दहा वाजलेत. आणि आपण बाजारात झोपणार नाही."

पेडण्याच्या बाजारात गाडी लावली. तालुक्याचं गाव, कचेऱ्यांमुळं सकाळी गजबजलेलं. म्हापशाच्या बसमागं धावणारी माणसं, काजूच्या पिशव्या टांगलेली दुकानं. एका हॉटेलात पातळ भाजी आणि पोयी (कोंड्याच्या पिठाचा, आत पोकळ असलेला पाव) खाल्ली. पोयी हातात घेतली की उशीसारखी दबते आणि सोडली की पुन्हा फुगते. रजई अशी पाहिजे, असं मी मंदाला म्हटलं. ती म्हणाली, "खा आधी."

पहिलं दुकान कापडाचं होतं. गल्ल्यावर कपाळाला ठसठशीत कुंकू लावलेल्या एक बाई होत्या. मी लोकरीचं घोंगडं मागितलं.

"घोंगडा?" त्या हसल्या. "हंय कोण घेता? थंडी चार दिसांची."

तरी त्यांनी माळ्यावरून एक काढून दिलं. शुद्ध लोकर आहे, म्हणाल्या. आता लोकर ओळखायची माझी स्वतःची पद्धत आहे. एक धागा उपसायचा आणि जाळायचा. केस जळल्याचा वास आला तर लोकर, प्लास्टिकचा आला तर फसवणूक. मी धागा उपसला आणि काडी ओढली. धागा एवढा आनंदानं पेटला की त्याची ठिणगी शेजारच्या चादरींच्या गठ्ठ्यावर गेली. बाईंनी तांब्यातलं पाणी त्यावर ओतलं, उरलेलं माझ्या हातावर ओतलं.

"ओ दादानू, दुकान जाळतलात काय माजा?"

"वास प्लास्टिकचा आला," मी म्हणालो.

"भिजलेली चादर घेवन जावा," त्या म्हणाल्या. "ती अस्सल सुताची आसा. जळाक नाय."

चादर घ्यावी लागली. या ठिकाणी घासाघीस जमली नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. मंदानं ती चादर गाडीच्या मागच्या सीटवर वाळत घातली आणि तुये येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. खांदे हलत होते, म्हणजे हसत असणार.

तुयेत शशीच्या खोलीवर पोचलो तर तो आणि त्याची बायको वैशाली दारातच उभे होते.

"या दाजी, या. या वेळी भाजून आणलेत का कच्चेच?"

आत गेल्यावर त्यानं कपाटातून दोन छोट्या गोल पिशव्या काढल्या. मोबाईलवरून मागवलेल्या स्लीपिंग बॅगा. एक त्याची, एक वैशालीची. डोंगर चढणारे लोक वापरतात तसल्या, बर्फातसुद्धा थंडी लागत नाही म्हणे. किंमत त्यानं अशा आवाजात सांगितली की शेजारच्या खोलीतही कळावी.

"सांगितलेल्या भावात घेतलीस?" मी विचारलं.

"मोबाईलशी काय घासाघीस करणार?"

एवढा पैसा एका पिशवीवर! त्यात दोष दाखवणं मला भागच होतं. मी ती बॅग जमिनीवर पसरली, आत शिरलो आणि चेन गळ्यापर्यंत ओढली. "हे बघ," म्हणालो, "हात हलवता येत नाही. कूस बदलता येत नाही. माणसाला ह्यात..." पुढचा दोष सांगण्यासाठी बाहेर यायला गेलो तर चेन अडकली. ओढली तर आणखी अडकली. मी उठून उभा राहिलो, एक उडी मारली आणि दारातून डोकावणाऱ्या शेजाऱ्याच्या पायाशी आडवा झालो. शशीनं साबण लावून चेन सोडवली. तेवढ्या वेळात खोलीत सात माणसं जमली होती आणि सगळ्यांनी मला नमस्कार केला होता. मला उलटा करता येत नव्हता.

"ऊब आहे की नाही, दाजी?" शशीनं विचारलं.

घामानं मी भिजलो होतो. "ठीक आहे," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी शशीची सकाळची पाळी होती. तो दुपारी वैशालीला घेऊन थेट कुळागरात येणार होता. मी आणि मंदा गाडीनं डिचोलीला निघालो. शेवटची संधी ती होती. डिचोली पेडण्याहून वेगळं गाव आहे. या भागात कित्येक वर्षं लोखंडाच्या खनिजाचं राज्य होतं. अजूनही रस्त्याकडेला ट्रक ओळीनं उभे दिसतात, त्यांच्या हौद्यांत गवत उगवलेलं. रस्त्याची धूळ तांबडी आहे, आणि जुन्या घरांच्या भिंतींना कमरेएवढ्या उंचीपर्यंत तोच रंग चढलेला आहे.

बाजाराच्या टोकाला एका दुकानात रजया टांगलेल्या दिसल्या. दुकान कसलं, पत्र्याची शेड होती. आत एक मोठं शिवणयंत्र, एवढं मोठं की त्यावर माझे पुठ्ठेसुद्धा शिवले गेले असते. त्यामागं पन्नाशीतला एक किडकिडीत माणूस बसला होता, त्याची बायको कापूस पिंजत होती.

"येयात पात्रांव," तो म्हणाला. पात्रांव म्हणजे मालक. पोर्तुगीजांनी मागं ठेवलेला शब्द. मला तो लगेच आवडला. "कितें जाय (काय हवं)?"

मी सांगितलं, उघड्यावर झोपायचं आहे, पांघरूण पाहिजे. त्यानं आधी पांघरूण दाखवलंच नाही. एक गुंडाळी जमिनीवर सोडली. कापूस भरलेली पातळ गादी, आणि तिला खालून जाड, मेणचट, खाकी कापडाचं अस्तर.

"हें सकयल (खाली). मागीर वयर (मग वर)," असं म्हणून त्यानं त्यावर रजई टाकली. "थंडी वयल्यान येना, पात्रांव. सकयल्यान येता. जमनींतल्यान."

पुढचं त्यानं अर्ध्या मराठीत, अर्ध्या कोंकणीत सांगितलं. त्याचं नाव गुणाजी. पूर्वी तो खनिजाच्या ट्रकांवरच्या ताडपत्र्या शिवायचा. खाणी बंद पडल्या, ट्रक थांबले आणि ताडपत्रीचे ताके पडून राहिले. मग त्याच्या बायकोनं त्यातलं कापड गादीच्या पोटाला लावून बघितलं. "पावसांत खनिज भिजूंक दिलें ना हें कापड," तो म्हणाला, "दंव कितें करता?"

मी गादी हातानं तोलली, रजई दाबली. पोयीसारखी फुगली. टाके जवळजवळ होते, कापूस पळायला जागा नव्हती. माल खरा होता. माल खरा असला की मला जास्त राग येतो, कारण दोष काढायला काही उरत नाही.

"जोडीचे किती?"

"अठराशे."

"नऊशे," मी म्हणालो. दोन जोड्या हव्या होत्या, पण हे पहिल्यांदा सांगायचं नसतं.

त्यानं बायकोकडं पाहिलं. ती काहीतरी पुटपुटली. मग तो उठून मागच्या फळीकडं वळला आणि म्हणाला, "बरें पात्रांव. तुमकां सवाय दितां."

सवाई! माझ्या कानशिलात जाळ झाला. आमच्या शाळेत मास्तरांनी पावकी, निमकी, सवायकी छडीवर पाठ करून घेतली होती. सवाई म्हणजे सव्वापट. अठराशेची सवाई साडेबावीसशे! मी निम्मे सांगतो, आणि हा माणूस भाव उतरवायचा सोडून पाव पट चढवतो?

"का म्हणून सवाई?" मी ओरडलो. "माझ्या गाडीचा नंबर बघितलास म्हणून?"

तो दचकला. "ना, ना! सवाय, पात्रांव! सवाय!"

सवाईवर आणखी सवाई. अठ्ठावीसशे साडेबारा. माझं डोकं हे हिशेब आपोआप करतं, त्याला मी काय करणार? "मी काय बहिरा आहे?" मी म्हणालो.

"आयकूंक येना दिसता," तो बायकोला म्हणाला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून जोरात ओरडला, "सवाय!"

दोन दुकानदार बाहेर आले. एक रिक्षा थांबली. मंदा गुणाजीच्या बायकोशेजारी उभी होती, दोघी हळू आवाजात बोलत होत्या. मंदानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि मग कापसाच्या ढिगाकडं पाहायला लागली. मला वाटलं, तिला माझी लाज वाटत असावी. त्यानं मी आणखी पेटलो.

"हे बघ," मी गुणाजीचा हात फळीवरून बाजूला केला. "तू पहिला भाव काय सांगितलास? अठराशे. माणसाचा शब्द एक असतो. मी अठराशेच देणार. एक रुपया जास्त नाही!"

त्याचं तोंड उघडं राहिलं. "अठराशे?"

"अठराशे! दोन जोड्यांचे छत्तीसशे. आणि मागच्या फळीवरचं काही नको. हाच माल, ताडपत्रीवाला, मी हात लावलेला."

"पूण पात्रांव, हांव..."

"एक शब्द नाही!"

मी पैसे त्याच्या हातात कोंबले. तो नको नको म्हणत होता; मी त्याची मूठ बळजबरीनं मिटली. रिक्षावाला टाळ्या वाजवत होता. गुणाजीच्या बायकोनं तोंडाला पदर लावला होता. गाडीत बसल्यावर मी मंदाला म्हटलं, "बघितलंस? साडेबावीसशेवरून खेचून आणला अठराशेवर. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या."

"हो," मंदा म्हणाली. "बघितलं मी."

कुळागर सुरेख होतं. सुपारीच्या सरळ खोडांवर मिरवेल चढलेले, पाटातून पाणी वाहत होतं, मागं डोंगर काळानिळा. मालक म्हातारे, अनवाणी, खांद्यावर कोयता. सगळे त्यांना भाई म्हणत. त्यांनी शहाळी सोलून दिली. मडक्यात शिजवलेला उकड्या तांदळाचा भात आणि आमसुलाची कढी आम्ही केळीच्या पानावर जेवलो. शशीनं त्याचा तंबू पाटाजवळच्या मऊ जागी ठोकला, कारण तिथून डोंगर दिसत होता. मी माझा वरच्या कोरड्या बांधावर लावला. त्यानं माझ्या गाद्यांना हात लावून म्हटलं, "दाजी, हे ट्रकावरनं काढून आणलंत का?" मी हसलो. मला घाई नव्हती.

पहाटे जाग आली ती बायकांच्या हसण्यानं. माझ्या अंगावर रजई नव्हती. ती मंदा आणि वैशालीच्या अंगावर होती. वैशाली रात्रीतून कधीतरी आमच्या तंबूत आली होती आणि दोघी गळ्यापर्यंत रजया ओढून गप्पा मारत बसल्या होत्या. मी तंबूबाहेर आलो. दवानं सगळं भिजलं होतं, सुपारीच्या झावळ्यांतून पावसासारखे थेंब पडत होते. शशीचा तंबू रिकामा. माझ्या गाडीच्या काचा मात्र आतून धुरकट झालेल्या. दार उघडलं तर मागच्या सीटवर माझा मेहुणा, त्याच्या बर्फाच्या बॅगेत गळ्यापर्यंत, आणि वरून पेडण्याची भिजून वाळलेली चादर गुंडाळलेली. दात वाजत होते.

"काय शशी," मी विचारलं, "ऊब आहे की नाही?"

"खालनं," तो म्हणाला. "तंबूत खालनं बर्फ लागत होता, दाजी. पाठीखाली बॅगेचा दबून नुसता पापुद्रा झाला."

पापुद्रा! तो शब्द त्यानं स्वतःच्या तोंडानं उच्चारला. मी मंदाला हाक मारून तंबूतून बाहेर बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "तुला थंडी वाजली?"

"नाही," ती म्हणाली. "अजिबात नाही. घाम आला उलट."

भाईंनी चुलीवर चहा ठेवला होता. विस्तवाभोवती आम्ही बसलो आणि मी डिचोलीची गोष्ट सांगायला घेतली. रात्री झोप लागेपर्यंत मी तिची उजळणी केली होती. गुणाजी कसा सवाई मागत होता, पुन्हा सवाई, तिसऱ्यांदा तर बोंबलून सवाई, आणि मी त्याला कसा त्याच्या शब्दावर आणला. शशी आणि वैशाली एकमेकांकडं बघायला लागले. भाईंना चहाचा ठसका लागला. त्यांनी कप खाली ठेवला, डोळे पुसले.

"अहो पाव्हणे," ते म्हणाले, "आमच्याकडं सवाय म्हणजे स्वस्त! तो बिचारा तुम्हाला स्वस्तात देतो म्हणत होता!"

विस्तवात लाकूड तडतडलं. शशी मागं कलंडला आणि बॅगेसकट गवतात लोळायला लागला. मला सगळं एका क्षणात दिसलं: नको नको म्हणणारा गुणाजी, मी मिटवलेली मूठ, टाळ्या वाजवणारा रिक्षावाला. बाजारात भांडून, गर्दी जमवून, सांगितलेला भाव देऊन आलो होतो मी. पेडण्याची चादर सोडली तर आयुष्यात पहिल्यांदा.

मग माझं लक्ष मंदाकडं गेलं. सगळे हसत होते, ती चहात पाव बुडवत होती. तिला आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"वैशाली रोज फोनवर सांगते, आज मासळी सवाय मिळाली, उद्या सवाय मिळेल. मला कसं माहीत नसणार?"

"मग तिथं तोंड का उघडलं नाहीस?"

"त्याची बायको सांगत होती ना मला. स्वस्तातला जोड मागच्या फळीवर होता. कापूस निम्मा, खाली ताडपत्री नाही. तो तोच काढायला वळला होता आणि तुम्ही त्याचा हात धरलात." तिनं पाव खाल्ला. "मी म्हटलं, धरू दे."

परतीच्या वाटेवर मी गाडी डिचोलीला थांबवली. भांडायचं होतं की माफी मागायची होती, ते उतरेपर्यंत ठरलं नव्हतं. मला बघून गुणाजी शिवणयंत्रामागं उभा राहिला. मी म्हणालो, आणखी दोन जोड्या हव्यात, ताडपत्रीवाल्या, शशीसाठी. भाव काय? त्यानं तोंड उघडलंच नाही. खडूनं पत्र्यावर आकडा लिहिला. अठराशेहून बराच खालचा. मी खडू घेऊन त्याखाली त्याहून कमी आकडा लिहिला. त्यानं माझा पुसून मधला लिहिला. मी मान हलवली. त्याची बायको पोट धरून हसत होती. इतका शांत सौदा मी आजवर केलेला नाही. निघताना त्यानं कापूस भरलेली एक उशी गाडीत टाकली आणि तिचे पैसे घेतले नाहीत. आदल्या दिवशी मी मिटवलेली ती मूठ त्याला बोचत असावी.

आंबोलीचा घाट चढताना काचा वर घेतल्या. प्रवासात माणसाला देश कळतो, लोक कळतात, असं म्हणतात. मला एक शब्द कळला, तोही उशिरा. तरी एक गोष्ट पक्की करून घ्यायची होती. थंडी वाजली नव्हती, हे मंदानं चार माणसांत कबूल केलं होतं.

"मग खरेदी माझ्याकडेच राहिली ना?" मी विचारलं.

मंदानं नवी उशी मानेमागं सरकवली आणि डोळे मिटले.

"राहू दे तुमच्याकडेच," ती म्हणाली. "फक्त यापुढं जिथली भाषा तुम्हाला कळत नाही, तिथंच करत जा."